पेस किती?

गेल्या रविवारी २८ किलोमीटर पळालो. शेवटचे नऊ किलोमीटर जे काही केलं त्याला पळणं म्हणायचं का, यावर आमच्या ग्रुपमध्ये दिवसभर चर्चा झाली. घामाने निथळलेला फोटो टाकला, तर खाली पहिला प्रश्न : "पेस किती?" पाय ठीक आहेत का, नाश्त्याला कुठे जायचं... काही नाही. पेस किती!

सांगितलं, सरासरी ७:४०. म्हणजे किलोमीटरला सात मिनिटं चाळीस सेकंद. ठरलं होतं ६:३०. झालं, दोन संप्रदाय जागे झाले. पहिला म्हणाला, "मन घट्ट पाहिजे रे, शरीर थकतच नाही." दुसरा म्हणाला, "कशाला ओढलंस? १९ ला थांबायचं, बॉडीचं ऐकायचं." मंडळी, आज शनिवार आहे, वेळ आहे, आणि मला या दोन्ही संप्रदायांशी भांडायचंय.

आधी पहिल्याशी. सर्व्हर बसला की "टीमची कमिटमेंट कमी पडतेय" म्हणणारा मॅनेजर तुम्ही पाहिला असेलच. आपण काय करतो? गपचूप लॉग उघडतो. माझा लॉग असा : आदल्या रात्री प्रॉडक्शनचा घोळ निस्तरत एक वाजला. झोप जेमतेम साडेतीन तास. पाषाणहून साडेपाचला निघालो तेव्हा रात्रीच्या पावसाने हवा चिकट झालेली, पुढे ऊन. हवेत दमटपणा असला की घाम वाळत नाही, नुसता गळतो, आणि वाळला नाही तर अंग थंड होत नाही. मग हृदयाला स्नायूंना रक्त पुरवता पुरवता कातडीकडेही जास्त रक्त पाठवावं लागतं. त्यामुळे वेग तोच, पण ठोके वाढलेले. बाराव्या किलोमीटरला १४५ होते, एकोणिसाव्याला वेग कमी करूनही १६५. म्हणजे डिसेंबरातलं ६:३० आणि त्या रविवारचं ६:३० हे दोन वेगळे व्यायाम आहेत. घड्याळाला हे कळत नाही. ग्रुपला कळायला हरकत नव्हती.

"रेट" म्हणणाऱ्यांना खरं तर "आकडा टिकव" म्हणायचं असतं. मी हे करून पाहिलंय. २०२४ च्या ऑक्टोबरात, याच रस्त्यावर. आकडा टिकवला, टिकवला, आणि बाणेरला १९ किलोमीटरवर तुटलो. रिक्षा केली. रिक्षावाल्याने विचारलं, "लागलं का साहेब?" मी म्हटलं, नाही. आणि खरंच काही लागलं नव्हतं! पुढच्या रविवारी गजर बंद करून झोपलो. त्याच्या पुढच्या रविवारी रिलीजचं कारण सापडलं. मग कारणंही लागेनाशी झाली. जानेवारी २०२५ ची मुंबई मॅरेथॉन मी फी भरून, सोफ्यावर बसून टीव्हीवर पाहिली. बाबा पेडर रोडवर उभे राहून मला बघणार होते. फोनवर एवढंच म्हणाले, "अरे, हळू पळाला असतास तरी चाललं असतं. मी काय घड्याळ घेऊन उभा राहणार होतो का?"

असो.

दुसऱ्या संप्रदायाचं बोलणं गोड असतं, म्हणून जास्त धोकादायक. बॉडीचं ऐका. अहो, माझी बॉडी सोमवारी सकाळीही हेच सांगते, ऑफिसला जाऊ नको म्हणून. तिला दोन वेगवेगळ्या भाषा येतात. मांड्या जड होणं, कंटाळा, "घरी जाऊया ना" ही एक. नडगीच्या हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशी कळ, छातीवर दाब, चक्कर, उन्हात अंगावर काटा, ही दुसरी. दुसरी ऐकू आली की तिथेच थांबायचं, सावलीत बसायचं, कोणाला तरी बोलवायचं. तिथे शौर्य दाखवणारा मूर्ख. पण रविवारी मला यातलं काहीही होत नव्हतं. होत होता तो फक्त अपमान. अपमानावर बर्फ लावून उपयोग नसतो.

किपचोगेचे पोस्टर लावणाऱ्यांना किपचोगेच सांगतो. २०१९ मध्ये व्हिएन्नात १:५९:४० वाला. २०२३ च्या बोस्टनला तो तिशीच्या किलोमीटरनंतर मागे पडला, सहावा आला, २:०९:२३. त्याच्यासाठी ही मंदच वेळ, पण शर्यत पुरी केली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पाठ दुखत होती, तर ३० किलोमीटरनंतर सरळ बाहेर पडला. एकदा हळू झाला, एकदा थांबला. दोन्ही वेळा त्याचं मन कमकुवत होतं म्हणता? म्हणा बापडे.

आणि मुंबईत जानेवारीत कुठे थंडी ठेवलीय? पेडर रोडचा चढ शेवटच्या टप्प्यात येतो, तोवर पाय संपलेले, वर दमट हवा. तिथे तुमचा आकडा घसरणारच. घसरल्यावर पुढे कसं जायचं हे सुखाच्या, गार सकाळी केलेल्या धावण्यात शिकायला मिळत नाही. ते बाणेरच्या रस्त्यावर, १९ ते २८ मध्येच मिळतं.

मी काय केलं? घड्याळ काढून खिशात टाकलं. चार मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं. एका टपरीवर मीठ घातलेलं लिंबू सरबत प्यायलो, दोन ग्लास. बालेवाडीजवळ साडी आणि स्पोर्ट्स शूज घातलेल्या दोन आजी मला मागे टाकून गेल्या, तेही गप्पा मारत. त्यांच्यापैकी एकीने वळून "चालू द्या" म्हटलं. नऊ किलोमीटरला साधारण ८५ मिनिटं लागली. सोमवारी जिने उतरता आले, मंगळवारी पुन्हा पळालो. २०२४ मध्ये तो मंगळवार आलाच नव्हता.

ॲपवरून ग्रुपवर आपोआप आकडे जाण्याची सोय मी आता बंद केलीय. उद्या १६ किलोमीटर आहेत, साडेपाचला, पाषाणहून. कोणाला यायचं असेल तर या. पेस विचारेल त्याने नाश्त्याचं बिल द्यायचं.