पिशवी काढली की दुखणे जाते का?

दिवाळीची सुट्टी संपली की बीड जिल्ह्यातल्या शाळांचे वर्ग रिकामे होऊ लागतात. आष्टी, पाटोदा, शिरूर, वडवणी, धारूर, केज, कुठल्याही तालुक्यातल्या शिक्षकाला विचारा. मुले आईबापांबरोबर ट्रकमध्ये बसून सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे किंवा थेट कर्नाटकात ऊसतोडीला गेलेली असतात. ती परत येतात तेव्हा उन्हाळा लागलेला असतो. या टोळ्यांत वंजारी आहेत, बंजारा आहेत, बौद्ध आहेत, मराठा आहेत आणि आपली मुस्लिम घरेही आहेत. पाऊस सगळ्यांच्याच शेतात सारखा कमी पडतो.

मुलांना पुन्हा शाळेत बसवताना त्यांच्या आयांशी बोलणे होते. त्यात एक वाक्य वारंवार ऐकू येते, “माझी पिशवी काढलीय, मॅडम.” वय विचारावे तर तीस, नाहीतर बत्तीस. गर्भाशयाला आमच्याकडे पिशवी म्हणतात. दाढ काढली म्हणावे इतक्या सहज बाई हे सांगते. या महिन्यात या पिशवीबद्दलच बोलू या. विषय दवाखान्याचा वाटेल, पण त्याची सुरुवात पाण्यापासून होते.

२०१९ साली ही गोष्ट वर्तमानपत्रांतून देशभर गेली. विधान परिषदेत प्रश्न आला, तेव्हा सरकारने सांगितले की तीन वर्षांत बीड जिल्ह्यात गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. पुढे डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे शंभरात जवळजवळ १७. देशभरात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे.

आता साधा प्रश्न असा, की एकाच जिल्ह्यातल्या बायकांचे गर्भाशय इतके कसे बिघडले? अल्लाहने बीडच्या बाईचे शरीर काही वेगळे घडवलेले नाही. वेगळे आहे ते भोवतालचे. म्हणून तिचा दिवस पाहायला हवा.

आपला जिल्हा पर्जन्यछायेत आहे. वर्षाचा पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही भरवशाचा नाही. एका खरिपावर घर चालत नाही, म्हणून मुकादमाकडून उचल घ्यायची आणि नवराबायकोने मिळून ती फेडायची. कामाच्या हिशेबात या जोडीलाच एक ‘कोयता’ म्हणतात. ज्यांच्या गावात पाणी नाही ती माणसे सर्वांत जास्त पाणी पिणाऱ्या पिकाकडे जातात. राज्यातल्या पिकाखालच्या जमिनीत उसाचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास आहे, पण सिंचनाच्या पाण्यातला त्याचा वाटा निम्म्याहून कितीतरी जास्त आहे. त्या भरल्या रानात राहूनही तोडणाऱ्या बाईच्या वाट्याला पाण्याची एक कळशीच येते.

ती पहाटे तीन-चारला उठते. कोपीत चूल पेटवून भाकरी थापते आणि उजाडायच्या आत फडात पोहोचते. नवरा ऊस तोडतो, ती पाचट काढते, मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. एक मोळी तीस-चाळीस किलोची असते. फडाजवळ शौचालय नसते. आजूबाजूला पुरुष असतात, म्हणून ती दिवसभर लघवी रोखते. लघवी लागू नये म्हणून पाणीच कमी पिते. पाळीच्या दिवसांतही कपडा बदलायला आडोसा नसतो आणि तो धुवायला पुरेसे पाणी नसते.

या प्रत्येक गोष्टीचा शरीरावर ठरलेला परिणाम होतो. आपल्या शरीराचा सुमारे साठ टक्के भाग पाणी आहे. उन्हात कष्ट करताना घामावाटे तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते आणि त्याबरोबर क्षारही जातात. ते भरून निघाले नाही तर लघवी कमी आणि गडद होते, आणि तिच्याबरोबर बाहेर पडणारे जंतू आतच वाढतात. जळजळ होते, ताप येतो. ओला, अस्वच्छ कपडा राहिला की योनिमार्गात संसर्ग होतो, अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते. बाळंतपणानंतर लगेच जड ओझे उचलले की अंग बाहेर येऊ लागते. कंबर तर कायमचीच दुखते.

यातली बहुतेक दुखणी सुरुवातीला औषधाने, विश्रांतीने, पाण्याने बरी होणारी असतात. पण विश्रांती घेतली की खाडा पडतो. २०१९ च्या बातम्यांत हा दंड दिवसाला ५०० रुपये असा आला होता. मग बाई दुखणे अंगावर काढते आणि हंगाम संपल्यावर डॉक्टरकडे जाते. तिथे कुणीतरी सांगते की पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, काढून टाका. पाळीही जाईल, खाडाही वाचेल, असे घरचेही म्हणतात. कर्ज काढून पिशवी काढली जाते, आणि ते कर्ज फेडायला ती बाई पुढच्या हंगामात पुन्हा फडात उभी राहते. ऊन तेच, कळशी तीच, मोळीचे वजनही तेच.

मग दुखणे जाते का? पाळी थांबते, हे खरे. पण मूत्रमार्गाचा संसर्ग गर्भाशय काढल्याने थांबत नाही आणि ओझ्याने झिजलेली कंबर बरी होत नाही. शस्त्रक्रियेत अंडाशयेही काढली असतील तर तिशीतच रजोनिवृत्ती येते. अंगातून गरम वाफा निघतात, झोप उडते, हाडे ठिसूळ होऊ लागतात. ज्या बाईला हाडांच्याच जोरावर पोट भरायचे आहे, तिच्यासाठी हा तोटा फार मोठा आहे.

अशी वेळ फक्त आपल्याकडच्या तोडकऱ्यांवर आली असे नाही. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा आणि एल साल्वाडोर या देशांत ऊस तोडणाऱ्या तरुण पुरुषांची मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे दिसून आले. त्यांना मधुमेह नव्हता, रक्तदाबही नव्हता. संशोधकांचे लक्ष उष्णता, अतिश्रम आणि पाण्याच्या कमतरतेकडे गेले. एल साल्वाडोरमध्ये काही टोळ्यांना पाणी, ठरावीक विश्रांती आणि सावली देऊन पाहिली गेली. भीती अशी होती की काम घटेल. पण काम घटले नाही.

आपल्याकडे काय करता येईल? पहिली गोष्ट घरातली. कुणी पिशवी काढायला सांगितले तर घाई करू नका. कॅन्सर, मोठ्या गाठींमुळे न थांबणारा रक्तस्राव, पूर्ण बाहेर आलेले अंग अशा वेळी ही शस्त्रक्रिया गरजेची असू शकते, आणि तेव्हा ती टाळूही नये. पण केवळ पांढरे जाते किंवा कंबर दुखते म्हणून ती करू नये. डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. नेमका आजार कोणता? तपासणीचा कागद कुठे आहे? औषधाने बरे होणार नाही का? अंडाशये राहणार की जाणार? दुसरे मत बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात घेता येते. २०१९ नंतर आपल्या जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला सांगितले गेले. त्या परवानगीबद्दलही विचारा. संसर्ग असेल तर काही वेळा नवऱ्यालाही औषध घ्यावे लागते. त्याने लाजू नये.

दुसरी गोष्ट, टोळी निघण्याआधीची. दसऱ्याच्या सुमारास प्रत्येक बाईचे रक्त आणि लघवी उपकेंद्रात तपासून घेता येते. लोहाच्या गोळ्या मिळतात. आशाताईंना विचारले तर त्या सोबत येतात. मुकादमाशी उचलीची बोलणी होतात तेव्हाच फडावर पिण्याचे पाणी, बायकांसाठी आडोसा आणि पाळीत एक दिवस खाड्याविना सुट्टी यांचीही बोलणी व्हावीत. हे बोलणे पुरुषांनी करायचे आहे, कारण त्या बैठकीत बायका नसतात. गेली काही वर्षे रमजानही तोडणीच्या हंगामात येतो आहे. आजाऱ्याला आणि प्रवासातल्या माणसाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत कुरआनने दिली आहे. लघवीला जळजळ होत असताना, चक्कर येत असताना घरातल्या बाईला ती सवलत घ्यायला संकोच वाटू नये, हे पाहणे घरच्यांचे काम आहे.

आणि ज्यांच्या घरातले कुणी ऊस तोडत नाही, त्यांनीही आपल्या मुलीला एकदा विचारावे, शाळेत पाणी पितेस का? कितीतरी मुली सकाळपासून संध्याकाळपर्यंत घोटभरही पाणी पीत नाहीत, कारण शाळेच्या शौचालयात पाणी नसते किंवा दाराला कडी नसते. एसटीच्या प्रवासात, लग्नाच्या मांडवात मोठ्या बायकाही हेच करतात. फडातल्या बाईचे दुखणे इथूनच सुरू होते. शरीर ही आपल्याकडे दिलेली अमानत आहे, असे आपण म्हणतो. मग शाळेच्या पुढच्या पालक सभेला जाल तेव्हा मुलीचे गुण विचारण्याआधी शौचालयाचे दार उघडून पाहा. नळाला पाणी आहे का, कडी लागते का, ते बघा. नसेल तर त्याच सभेत उभे राहून विचारा.