बेटावर जावे, ते पाहुण्यासारखे

नाताळच्या सुट्टीच्या सुमारास छत्रपती संभाजीनगरातील मध्यमवर्गीय घरांतून हल्ली एक नवा प्रकार दिसू लागला आहे. पुण्यामुंबईस किंवा परदेशी शिकणारी मुले घरी येतात, ती एकटी येत नाहीत. सोबत चारदोन मित्रमैत्रिणी असतात. या पाहुण्यांना वेरूळ-अजिंठा आणि देवगिरीचा किल्ला दाखवून होतो न होतो, तोच सारी मंडळी पाठीवर सॅक अडकवून पुढच्या प्रवासाला निघतात. हा पुढचा प्रवास एके काळी महाबळेश्वरचा किंवा गोव्याचा असे. आता तो अंदमानचा असतो, लक्षद्वीपचा असतो, आणि खिशाला परवडले तर बाली किंवा थायलंडच्या बेटांचाही असतो.

घरातील वडीलधाऱ्यांना हे फारसे रुचत नाही. त्यांचे आक्षेप तीन. मुक्कामाची जागा आधी ठरलेली नाही, म्हणून हे असुरक्षित. शिक्षण संपण्यापूर्वी एवढा खर्च करणे ही उधळपट्टी. आणि जायचेच असेल तर एखाद्या प्रवासी कंपनीबरोबर सर्व व्यवस्था लावून का जाऊ नये, हा तिसरा. या आक्षेपांत तथ्य नाही असे नव्हे, परंतु ते फार थोडे आहे. सरकारी बोटीने जाणारा, साध्या खोलीत उतरणारा आणि गावच्या खाणावळीत जेवणारा विद्यार्थी बहुधा सहलीच्या ठरीव रकमेपेक्षा कमीच खर्च करतो. सुरक्षिततेचे म्हणाल, तर सह्याद्रीत गडकोट हिंडलेल्या महाराष्ट्रातील तरुणांना पाठीवर ओझे घेऊन अनोळखी गावी रात्र काढणे नवीन नाही. आणि त्याही आधीची परंपरा आपल्या मराठवाड्याचीच आहे. पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर पंढरीला चालत जाणारा वारकरी काय घेऊन निघतो? खांद्याला अडकवता येईल एवढी पडशी.

चौथा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही, आणि खरे म्हणजे तोच पहिला विचारावयास हवा. ज्या बेटावर ही मंडळी निघाली आहेत, त्या बेटाला ती परवडतात काय?

कोठडी पाहिली, बेट राहिले

मराठी माणसाच्या मनातील अंदमान 'माझी जन्मठेप' या ग्रंथाने घडविले आहे. बाबाराव आणि विनायकराव सावरकर या दोघा बंधूंनी तेथे काढलेली वर्षे आपल्या घराघरांत सांगितली गेली. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या त्या सेल्युलर जेलच्या सात भुजांपैकी आज तीनच उभ्या आहेत. त्या पाहाव्यात, तेथे नतमस्तक व्हावे, हे योग्यच आहे. महाराष्ट्रातून अंदमानला जाणाऱ्या बहुतेक सहलींचा तो मुख्य हेतू असतो. केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना स्वग्रामी जाण्याच्या प्रवास सवलतीऐवजी अंदमानला विमानाने जाण्याची विशेष मुभा वेळोवेळी मिळत आली आहे. तिचा लाभ घेऊन आपल्याकडील अनेक कारकून-कुटुंबे प्रथमच समुद्र ओलांडून गेली, हीही समाधानाची गोष्ट आहे.

परंतु ती परत येतात तेव्हा त्यांना विचारून पाहावे, की अंदमानात राहते कोण? उत्तर बहुधा मिळत नाही. कोठडी पाहिली, प्रकाश-ध्वनीचा कार्यक्रम पाहिला, राधानगरच्या किनाऱ्यावर सूर्यास्त पाहिला. बेट मात्र पाहायचे राहून गेले.

वस्तुतः या द्वीपसमूहात वस्तीची बेटे तीसेकच, आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या पावणेचार लाखांच्या थोडी पुढे. आपल्या एकट्या शहराच्या लोकसंख्येहून ती बरीच कमी. पण या लहानशा वस्तीत केवढा इतिहास आहे! १८५८ पासून तेथे काळ्या पाण्याच्या शिक्षेवर गेलेल्या बंदिवानांचे वंशज आहेत. फाळणीनंतर पूर्व बंगालातून निर्वासित होऊन आलेली शेतकरी कुटुंबे आहेत. आज स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप म्हणविणाऱ्या हॅवलॉक आणि नील या बेटांवरील भातशेती व भाजीचे मळे मुख्यतः त्यांचेच. जंगलतोडीच्या कामासाठी छोटा नागपुरातून नेलेले मजूर 'रांचीवाले' म्हणून तेथेच स्थायिक झाले. मायाबंदरच्या परिसरात १९२५ साली ब्रह्मदेशातून आणलेल्या करेन लोकांची गावे आहेत. या साऱ्यांची मुले हिंदीतून एकमेकांशी बोलतात.

हा अंदमान वातानुकूलित मोटारीच्या काचेतून दिसत नाही. श्रीविजयपुरमहून, म्हणजे २०२४ पर्यंतच्या पोर्ट ब्लेअरहून, स्वराज द्वीपाला जाणाऱ्या सरकारी बोटीत दोन-अडीच तास बाकावर बसणाऱ्याला तो भेटतो. शेजारी बदलीवर निघालेला शिक्षक असतो, भाजी विकून परतणारी बाई असते, रुग्णालयातून घरी निघालेला म्हातारा असतो. या बोटी बेटवासीयांचे रोजचे वाहन आहेत, आपल्याकडे एस. टी. आहे तसे, म्हणूनच हंगामात पाहुण्यांनी जागा अडविल्या तर त्यांचा खोळंबा होतो, हेही त्याच बाकावर बसल्यावर कळते. पाठीवर पडशी घेऊन निघालेल्या प्रवाशाचा मोठेपणा एवढाच, की यजमानाची अडचण त्याच्या नजरेस पडू शकते.

पाण्याचा हिशेब

ही अडचण सर्वांत लवकर कळायला हवी ती मराठवाड्याच्या माणसाला, कारण ती पाण्याची आहे. आपल्याकडे वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही बेभरवशाचा. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. जायकवाडीचा अथांग जलाशय हाकेच्या अंतरावर असूनही या शहरातील नळांना वर्षानुवर्षे अनेक दिवसांच्या अंतराने पाणी येत आले. अशा माणसाला अंदमानचा सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस ऐकूनच हेवा वाटेल. पण उन्हाळ्यात तेथेही पाणी तुटते. डोंगराळ, चिंचोळ्या बेटांवरील ओढे आखूड असतात. पडलेले पाणी पाहता पाहता समुद्रास मिळते. साठवण थोडी. शिवाय पाऊस मे ते डिसेंबरचा, आणि जानेवारी ते एप्रिल हे महिने कोरडे. पर्यटकांची मोठी गर्दी नेमकी याच कोरड्या महिन्यांत होते. हॉटेलातील पाहुणा दिवसातून दोनदा कारंज्याखाली स्नान करतो, त्या वेळी शेजारच्या वाडीत एक दिवसाआड पाणी येत असते.

लक्षद्वीपची गोष्ट याहून नाजूक. ३२ चौरस किलोमीटर जमीन, दहा वस्तीची बेटे, आणि २०११ च्या गणनेनुसार सुमारे ६४ हजार माणसे. प्रवाळाच्या या बेटांवर नदी नाही, ओढा नाही. पावसाचे गोडे पाणी सच्छिद्र भूमीत मुरते आणि खालच्या जड खाऱ्या पाण्यावर भिंगासारखे तरंगत राहते. विहिरीतून बेताने उपसले तर ते वर्षभर पुरते. हाव धरली की खालचे खारे पाणी वर चढते आणि विहीर नासते. कवरत्तीला २००५ साली राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेने समुद्राच्या पाण्यापासून रोज एक लाख लिटर गोडे पाणी करणारे संयंत्र बसविले, ते याच कारणाने. लक्षद्वीपला जाण्यास देशातील पाहुण्यालाही प्रवेश-परवाना लागतो, याबद्दल कुरकुर करणाऱ्यांनी हे भिंग ध्यानात घ्यावे. दारावर माणसे मोजणे हा तेथे जीवनमरणाचा प्रश्न आहे.

इतर देशांनी हा धडा ठेच लागल्यावर घेतला. फिलिपाइन्सने बोराकाय बेट २०१८ साली सहा महिने पर्यटकांना बंद ठेवले. सांडपाण्याने तेथील समुद्र गढूळ झाला होता. थायलंडमधील माया बे हा किनारा एका इंग्रजी चित्रपटामुळे जगप्रसिद्ध झाला, आणि रोजच्या हजारो पावलांनी व नांगरांनी तेथील प्रवाळ मोडला. तोही २०१८ च्या जूनमध्ये बंद झाला, तो २०२२ च्या जानेवारीत उघडला. बाली २०२४ पासून प्रत्येक परदेशी पाहुण्याकडून दीड लाख रुपये, अर्थात त्यांचे रुपये, वेगळा कर घेते. यातील बरेच पर्यटक पाठीवर सॅक असलेलेच होते, हे सांगितले पाहिजे. सॅक अंगाला लावल्याने माणूस आपोआप सज्जन होत नाही. ओझे हलके असणे ही केवळ सुरुवात आहे.

जे दार बंद आहे

पाहुण्याची खरी परीक्षा बंद दाराशी होते. इंग्रज १८५८ मध्ये वसाहत करण्यास आले तेव्हा ग्रेट अंदमानी लोक काही हजार होते. रोगराईने आणि संघर्षाने ते आज पन्नाससाठ उरले आहेत. जारवा लोक १९९७-९८ पासून जंगलाबाहेर येऊ लागले आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ पसरली. त्यांच्या राखीव प्रदेशातून जाणारा महामार्ग बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला होता. त्यानंतरही त्या रस्त्याने ताफे जातच राहिले, आणि गुहा पाहण्याच्या निमित्ताने बसलेल्या अनेकांचे डोळे खिडकीबाहेर वेगळेच काही शोधीत राहिले. माणसांना प्राणिसंग्रहालयासारखे पाहणे हे कोणत्याही शिक्षित माणसाला लांच्छनास्पद आहे. उत्तर सेंटिनल बेटावर २०१८ मध्ये एक अमेरिकी तरुण धर्मप्रचारासाठी बेकायदा उतरला आणि प्राणास मुकला. २०२५ मध्ये दुसरा एक अमेरिकी तेथे नारळ आणि शीतपेयाचा डबा ठेवून आला आणि अटकेत गेला. दोघांच्याही डोक्यात कल्पना एकच होती, की जगातील प्रत्येक दार आपल्यासाठी उघडलेच पाहिजे. ज्या घराने येऊ नका म्हटले आहे, तेथे न जाणे हाही पाहुणचाराचा मान राखण्याचाच एक प्रकार आहे.

यावर कोणी म्हणेल, ग्रेट निकोबारवर बंदर, विमानतळ आणि नवे शहर उभारण्याच्या प्रकल्पास २०२२ मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली, त्यासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल वळते करावयाचे आहे. तेथे चार विद्यार्थ्यांच्या बादलीभर पाण्याचा हिशेब कसला मांडता? आक्षेप वजनदार आहे. देशाच्या संरक्षणासाठी काय आवश्यक आणि काय अनावश्यक, याचा निवाडा सहलीच्या अनुभवावर करता येणार नाही, हेही मान्य. परंतु अशा प्रश्नांवर लोकमत बनायचे कशाने? गालाथियाच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणाऱ्या महाकाय कासवाची आणि तेथील शोंपेन-निकोबारी माणसांची बाजू हजारो मैल दूर असलेल्या संभाजीनगरात कोणी समजून घ्यायची? ज्याने एखादे बेट पायी हिंडून पाहिले आहे, तेथील विहीर पाहिली आहे, त्याच्या मतात निदान काही वजन असेल. नकाशावरचा ठिपका ज्याला ठिपकाच वाटतो, त्याचे मत विकत घेणे सोपे असते.

अजिंठ्याचा धडा

पाहुणा कसा असावा, हे सांगण्याचा अधिकार या शहराला आहे, कारण हे शहर यजमान आहे. अजिंठा आणि वेरूळ ही दोन्ही लेणी १९८३ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली, त्यापूर्वीपासून जग आपल्या दारी येत आहे. येणाऱ्यांच्या श्वासातील ओलाव्यानेसुद्धा अजिंठ्याच्या चित्रांना धोका पोचतो, हे आपण शिकलो. म्हणून तेथे झोतदिव्याने छायाचित्र घेण्यास मनाई आहे. म्हणून वाहने फर्दापूरच्या फाट्यावर थांबतात आणि पुढचे चार किलोमीटर सर्वांना सारख्याच बसने जावे लागते. मंत्री असो की कारकून, बस तीच. हा नियम पाळायला लावताना आपल्याला संकोच वाटत नाही. मग आपण पाहुणे होऊन बेटावर जातो, तेव्हा तेथील नियमाचा जाच का वाटावा?

म्हणून सुचवावेसे वाटते, की आपल्या महाविद्यालयांनी या नव्या भटकंतीकडे कपाळाला आठ्या घालून पाहू नये. राष्ट्रीय सेवा योजना आहे, भूगोलाचे विभाग आहेत. त्यांनी निघणाऱ्या मुलांना चार गोष्टी आधी सांगाव्यात. शक्यतो पाऊस नुकताच सरल्यावर जावे, कोरडे महिने टाळावेत. जितका कचरा नेला तितका परत आणावा. मेलेला प्रवाळही उचलू नये. वन्यजीव कायद्याने त्याला वाघाइतकेच संरक्षण आहे. दहा बेटांना शिवण्यापेक्षा एका बेटावर दहा दिवस राहावे, आणि पैसा तेथील माणसाच्या हातात पडेल असे पाहावे. बरोबरच्या परदेशी मित्रांना कोणते बेट खुले आणि कोणते बंद, याचे नियम आधी वाचून दाखवावेत. ती जबाबदारी त्यांना येथे बोलावणाऱ्याची. शासनानेही किती खोल्या वाढल्या याचाच आकडा न मिरविता, बेटागणिक पाणी किती आणि त्यावर पाहुणे किती पोसता येतील, हा आकडा जाहीर करावा, आणि मग त्याला चिकटून राहावे.

मुलांना जाऊ द्यावे, मित्रांसह जाऊ द्यावे. समुद्र न पाहता म्हातारे झालेल्या कितीतरी पिढ्या या दुष्काळी पठाराने पाहिल्या आहेत; त्यांची नातवंडे आज लाटांवर निघाली आहेत, याचा आनंदच मानला पाहिजे. फक्त निघताना त्यांच्या पडशीत एक आठवण टाकावी. आपल्या घरी टँकरच्या पाण्याचा हंडा भरून ठेवलेला असतो, आणि समंजस पाहुणा त्यातून एक तांब्याच घेतो. बेटाचा हंडा त्याहून लहान आहे.