नवे अकाउंट बंदिस्तच हवे

नव्या युजरला आधी सगळ्या परवानग्या द्याव्यात, निर्बंध पुढे गरजेप्रमाणे घालावेत, असे मानणारे सिस्टिम ॲडमिन पुष्कळ आहेत. बंधनांनी काम अडते आणि ज्याला सुरक्षितता हवी तो सेटिंग बदलून घेतोच, असे ते म्हणतात.

बदलून घेतोच? २००१ साली आलेली विंडोज एक्सपी बसवताना जी अकाउंट तयार होत, ती ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराची असत. घरोघरी ती तशीच वापरली गेली. मुलाने गेम समजून एखादी फाइल उघडली, की तिच्यात दडलेल्या व्हायरसलाही तेच अधिकार मिळत.

उबुंटू लिनक्सचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. एप्रिल २०२१ मध्ये २१.०४ ही आवृत्ती येईपर्यंत प्रत्येक नव्या युजरचे होम फोल्डर ७५५ परवानगीने तयार होई. म्हणजे त्याच यंत्रावरच्या इतर कोणालाही त्यात डोकावता येई. आपसांत फायली देणे-घेणे सोपे जावे, हा त्यामागचा विचार. पण आपले फोल्डर इतरांना दिसते हेच ज्याला ठाऊक नाही, तो परवानगी बदलायला जाईल कशाला? २१.०४ पासून तिथे ७५० आले, म्हणजे इतरांना ते बंद झाले.

विरोधक हमखास व्हिस्टाकडे बोट दाखवतात. २००७ मध्ये घरोघरी पोहोचू लागलेल्या त्या विंडोजने पदोपदी परवानगी विचारून लोकांना न वाचताच होकार द्यायची सवय लावली. तक्रार रास्त आहे. पण दोष वारंवार विचारण्याचा होता. २००९ च्या विंडोज ७ ने विचारणा कमी केल्या, मर्यादित अधिकारांचे तत्त्व मात्र सोडले नाही.

संगणक-सुरक्षेचे अभ्यासक साल्टझर आणि श्रोडर यांनी १९७५ सालीच सांगितले होते, की मुळात नकार असावा आणि परवानगी कारण पाहून द्यावी. त्यांचा युक्तिवाद मला आजही निरुत्तर करणारा वाटतो. परवानगी चुकून कमी दिली गेली तर काम अडते, माणूस लगेच ओरडतो आणि चूक सापडते. जास्त दिली गेली तर सारे सुरळीत चालते. कोणी तक्रारच करत नाही, आणि चूक वर्षानुवर्षे तशीच राहते.

म्हणून नवे अकाउंट साध्या अधिकारांचे असावे, होम फोल्डर खासगी असावे आणि पहिल्याच लॉगिनला पासवर्ड बदलावा लागावा. सॉफ्टवेअर बसवण्याचा अधिकार मागितल्यावरच मिळावा. पण त्या मागणीला उत्तर त्याच दिवशी मिळाले पाहिजे. अर्ज आठवडाभर पडून राहिला की लोक ॲडमिनचा पासवर्ड एकमेकांना सांगतात, आणि मग कोणी काय केले हे लॉगमधूनही कळत नाही. त्याचे खापर निर्बंधांवर फुटते, अर्ज दाबून ठेवणारा मात्र नामानिराळा राहतो.