घराची किल्ली आणि चांदण्यांचा हिशेब

गणपती किंवा दिवाळी जवळ आली, की न्यू जर्सीतील मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक विचारणा हमखास फिरू लागते: घर साफ करायला कोणी विश्वासू आहे का? उत्तरादाखल एक फोन क्रमांक येतो आणि ‘आमच्याकडे तीन वर्षे येते, काळजी नको’ एवढी शिफारस. पुण्यात किंवा डोंबिवलीत शेजारणीच्या शब्दावर कामाच्या बाई ठरतात, तीच ही रीत. मात्र तिथे शेजारीण समोर राहते आणि बाईंचे घरही ठाऊक असते. इथे दोघेही दिवसभर नोकरीवर, आणि दाराचा कोड अशा व्यक्तीकडे, जिचे आडनावही पुष्कळदा माहीत नसते.

या पोकळीत ॲप-कंपन्या शिरल्या. विश्वासाचे माप म्हणून त्यांनी ग्राहकापुढे चांदण्या ठेवल्या. त्या चांदण्यांचे मोल किती, हे सरकारी कारवाईवरूनच दिसते. खोटी व विकत घेतलेली अभिप्राय-पत्रे बेकायदा ठरवणारा फेडरल ट्रेड कमिशनचा नियम २१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. जानेवारी २०२५ मध्ये ‘हँडी’ या गृहसेवा ॲपने याच कमिशनशी आणि न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलशी २९ लाख ५० हजार डॉलरची तडजोड केली. कामगारांना कमाईची फुगवलेली स्वप्ने दाखवली आणि कापून घेतल्या जाणाऱ्या शुल्कांची व दंडांची नीट कल्पना दिली नाही, असे आरोप होते. ग्राहकाला हे प्रकरण परके वाटेल. पण ज्या कंपनीत कामगार टिकत नाही, तिथून दर खेपेला नवाच माणूस दारात उभा राहतो. मग पाच चांदण्या नेमक्या कोणाच्या?

जाहिरातीतले दुसरे आश्वासन म्हणजे ‘बाँडेड अँड इन्शुअर्ड’. हे शब्द ऐकले की पुढे कोणी काही विचारत नाही. वस्तुतः या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाँड चोरीसाठी असतो आणि अशा अनेक बाँडमध्ये आरोपी न्यायालयात दोषी ठरल्याखेरीज भरपाई मिळत नाही. कपाटातील पाटल्या हरवल्या, संशय आहे पण पुरावा नाही, अशा वेळी त्याचा उपयोग शून्य. विमा निराळा: दिवाणखान्यातील टीव्ही फुटला किंवा लाकडी जमिनीवर चुकीचे रसायन सांडले, तर तो कामी येतो. साफसफाई करणारी बाई जिन्यावरून पडली तर उपचाराचा खर्च कोणाचा, हा तिसराच प्रश्न. त्यासाठी कंपनीकडे कामगार-भरपाईचा विमा वेगळा लागतो. म्हणून ‘विमा आहे ना?’ एवढे पुसून भागत नाही. विमा प्रमाणपत्र मागावे, त्यावरील मुदत पाहावी आणि शक्य तर विमा कंपनीला दूरध्वनी करून खात्री करावी. चांगल्या कंपनीला याचा राग येत नाही.

न्यू जर्सीत आता आणखी एक कसोटी उपलब्ध आहे आणि ती मराठी वस्त्यांत फारशी चर्चिली गेलेली नाही. घरकामगारांच्या हक्कांचा कायदा गव्हर्नर फिल मर्फी यांनी जानेवारी २०२४ मध्ये स्वाक्षरीत केला. १ जुलै २०२४ पासून तो अमलात आला. लेखी करार, विश्रांतीच्या सुट्ट्या, काम थांबवण्याआधी साधारणतः दोन आठवड्यांची पूर्वसूचना, कागदपत्रे अडकवून ठेवण्यास मनाई अशा त्याच्या तरतुदी आहेत. ‘उद्यापासून येऊ नका’ असा एका ओळीचा निरोप पाठवून मोकळे होण्याची सवय त्यात बसत नाही.

हा कायदा अनेकांना ओझे वाटतो. वास्तविक लेखी करारात कामाची यादी, तास, दर, किल्लीची जबाबदारी आणि नुकसान झाल्यास काय करायचे हे सारे आपोआप येते. म्हणजे ग्राहक ज्याला विश्वास म्हणतो, तेच. करार द्यायला किंवा घ्यायला जी सेवा कां-कू करते, तिच्यावर घर सोपवण्यापूर्वी थांबलेले बरे.

कराची बाजूही याला जोडून येते. काम कसे करायचे हे घरमालकच ठरवत असेल, तर ती व्यक्ती करविभागाच्या दृष्टीने त्याची कर्मचारी ठरू शकते. २०२५ साठी रोख वेतनाची मर्यादा २,८०० डॉलर होती. अशी मर्यादा गाठली की सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे कर लागू होतात. दर पंधरवड्याला १२० डॉलर दिले तरी वर्षाचे ३,१२० होतात. स्वतःची साधने आणणारी, अनेक घरी जाणारी आणि कामाची पद्धत स्वतः ठरवणारी बाई बहुधा स्वतंत्र व्यावसायिक गणली जाते. कंपनीने आपल्या कर्मचाऱ्याला पाठवले असेल, तर कर भरणे हे कंपनीचे काम. ‘रोख द्या, दहा डॉलर कमी घेऊ’ हा प्रस्ताव आला, की या तिघांपैकी आपण कोणाशी व्यवहार करत आहोत, हे आधी विचारावे.