गळती म्हणजे स्वभाव नव्हे

जुन्या मोटरसायकली पाळणाऱ्या लोकांत एक विनोद फार चालतो. गाडीखाली तेल दिसलं तर घाबरू नका, दिसायचं थांबलं तर घाबरा. कारण मग आतलं संपलेलं असतं. मीही हा विनोद दोन वर्षं सांगितला. आता कुणी सांगितला की मला राग येतो. का येतो, ते सांगतो.

मी स्टुटगार्टला सॉफ्टवेअर लिहितो आणि माझ्याकडे १९७९ सालची बीएमडब्ल्यू आर ८०/७ आहे. दोन सिलिंडर दोन बाजूंना आडवे पसरलेले आणि मागच्या चाकाला चेनऐवजी शाफ्ट, ही १९२३च्या आर ३२ पासून चालत आलेली मांडणी. चेन नाही, म्हणजे ती ताणायची, तिला वंगण घालायची कटकट नाही. त्याऐवजी एका बंद नळीत फिरणारा शाफ्ट आणि शेवटी चाकाजवळ दातेरी चाकांचा डबा, म्हणजे फायनल ड्राइव्ह. या सगळ्याला तेल लागतं आणि ते आत ठेवायचं काम रबरी सील करतात. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत रबर कडक होणारच. त्यात गाडीची काही चूक नाही. चूक त्यानंतर होते, आणि ती मालकाची असते.

मागच्या चाकाखाली नाण्याएवढा डाग पडायला लागला, तेव्हा मी त्याचा फोटो काढून इन्स्टाग्रामवर टाकला. खाली लिहिलं, ‘आजोबांचा स्वभाव’. भरपूर लाइक आले. दोन महिन्यांनी धाकटी बहीण भेटायला आली. तिला मागे बसवून उतारावरून खाली येत होतो. हे शहर वाडग्यासारखं आहे, मध्ये खोल आणि कडेने चढ. नुकताच पाऊस पडून गेला होता. खाली सिग्नल लाल, समोरून ट्राम निघालेली. मागचा ब्रेक दाबला, पेडल खाली गेलं आणि गाडी होती त्याच वेगाने चालत राहिली. पुढच्या ब्रेकवर कसाबसा थांबलो, चाक थोडं घसरवूनच. बहीण म्हणाली, “दादा, ही गाडी अशीच थांबते का?” मी ‘हो’ म्हणालो. खोटं बोललो.

घरी येऊन चाक काढलं. या मॉडेलला मागे ड्रम ब्रेक असतो आणि त्याचे ब्रेक शू फायनल ड्राइव्हच्याच अंगावर बसवलेले असतात. सीलमधून सुटलेलं तेल थेट शूवर. आजोबांचा स्वभाव तिथे लखलखत होता.

मी तिथलं सील बदललं, शू नवे घातले (तेल प्यायलेले शू पुसून वापरायचे नसतात) आणि विषय मिटला असं समजलो. सहा आठवड्यांत डाग परत आला.

बाबांना फोन केला. ते इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर होते. मागाचं तेल कापडावर उडालं की तागा डागी निघतो आणि त्याचा भाव पडतो. त्यामुळे तेलाच्या थेंबाचं कौतुक करायची चैन तिथे कुणाला परवडत नव्हती. सगळं ऐकून ते म्हणाले, “दिसतंय तितनंच गळतंय असं नसतंय रे. आत किती घातलंतंस आणि किती निघालं, मोजलंस का?”

मोजलं नव्हतं. दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांना ‘आधी लॉग बघा’ सांगणाऱ्या माणसाने मोजलं नव्हतं.

या गाडीत तेलाचे चार वेगळे कप्पे आहेत: इंजिन, गिअरबॉक्स, शाफ्टची नळी आणि फायनल ड्राइव्ह. मागचे तीन कप्पे मी रिकामे केले आणि स्वयंपाकघरातल्या मापाने मोजले. गिअरबॉक्समध्ये ८०० मिली हवं होतं, निघालं ५५०. नळीत १५० हवं, निघालं २३०. फायनल ड्राइव्हमध्ये २५० हवं, निघालं ३८०. गिअरबॉक्समधलं २५० मिली कमी झालेलं. त्यातलं ८० नळीत, १३० फायनल ड्राइव्हमध्ये, उरलेलं ४० ब्रेकवर आणि जमिनीवर. म्हणजे खरं फुटलेलं सील गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला होतं. तिथून तेल नळीत उतरलं, पिनियनच्या सीलवरून पुढच्या कप्प्यात शिरलं, तो कप्पा वाजवीपेक्षा जास्त भरला आणि सगळ्यात शेवटच्या सीलने हात टेकले. मी त्या शेवटच्या सीललाच गुन्हेगार ठरवलं होतं.

गिअरबॉक्सचं सील अगदी स्वस्त आहे. त्याच्यापर्यंत पोचायला मात्र स्विंगआर्म काढावा लागतो आणि मागचा फ्लँज पुलर लावून ओढावा लागतो. माझे दोन शनिवार गेले. पिनियनच्या सीलला खास पाना लागतो. ते काम मी एका जुन्या मेकॅनिककडून करून घेतलं. त्यात मला कमीपणा वाटला नाही.

आता विरोधी पक्षाचं म्हणणं. “मग काय, प्रत्येक थेंबासाठी इंजिन उघडायचं?” नाही. पुशरॉडच्या नळ्यांच्या रबराभोवती थोडा ओलावा असेल तर फडक्याने पुसा आणि फिरायला जा. उगाच उघडणं हेही अज्ञानच. या गाडीत इंजिनच्या मागचं मोठं सील बदलायला फ्लायव्हील काढावं लागतं. त्याआधी क्रँकशाफ्ट पुढे सरकणार नाही अशी अडवली नाही, तर आतला वॉशर जागेवरून निसटतो आणि शंभराच्या कामाचं लाखाचं होतं. म्हणून उघडण्याआधी खात्री हवी.

खात्री करायला फार अक्कल लागत नाही. आधी गाडी स्वच्छ धुवा. चिखलावर गळती शोधता येत नाही. संशयाच्या जागी टाल्कम पावडर मारा, थोडं चालवून या आणि पहिली ओली रेघ कुठे उमटली ते बघा, कारण वारा तेल मागे नेतो आणि थेंब भलतीकडेच पडतो. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली थेंब असेल तर वास घ्या. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, इंजिन ऑइलला नसतो. तेल जास्त तर भरलं नाही ना आणि हवा बाहेर जायची वाट तुंबली नाही ना, हेही बघा. आतला दाब वाढला तर नवं सीलसुद्धा गळतं. आणि कृपा करून बाहेरून सिलिकॉनची लापी फासू नका. माझ्या आधीच्या मालकाने ती फासली होती. ती खरवडण्यातच एक संध्याकाळ गेली आणि गळती तिच्या आडून सुरूच होती.

माझं भांडण थेंबाशी नाही, ‘स्वभाव’ या शब्दाशी आहे. हा शब्द एकदा चिकटला की कुणी मोजत नाही. दुर्लक्ष हौसेसारखं दिसायला लागतं आणि आळसाला लाइक मिळतात. शिवाय त्या स्वभावाची किंमत फक्त मालक मोजत नाही. मागे बसलेलं माणूस मोजतं, आपण सांडलेल्या तेलावरून पावसात येणारा पुढचा दुचाकीवाला मोजतो. त्यांनी कुठे जुन्या गाडीवर प्रेम करायचं कबूल केलंय? जी गोष्ट आवडते तिच्याबद्दल खरं माहीत करून घ्यायचा कंटाळा येत असेल, तर ती आवड फोटोपुरतीच आहे.

तो फोटो मी काढून टाकला नाही. खालची ओळ तेवढी बदलली: ‘८०० घातलं, ५५० निघालं. मागचा ब्रेक निकामी. बहीण मागे बसली होती.’ याला लाइक कमी आले, पण तिघांनी स्वतःच्या गाडीची सीलं कशी तपासायची ते विचारलं.

बहीण पुढच्या महिन्यात परत येतेय. त्या दिवशी मी खोटं बोललो होतो हे तिला फोनवर सांगून झालंय. ती मागे बसायला तयार आहे, फक्त आधी आकडे बघणार म्हणाली. येत्या शनिवारी कप्पे पुन्हा मोजायचेत.