चार बोटांचे पुस्तक

परीक्षेचे दिवस जवळ आले असताना कात्री, खोडरबर आणि शाईचे पॅड पुढे घेऊन बसणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्याकडे काय म्हणतात ते सांगायला नको. ‘रिकामटेकडा’ हा त्यातला सर्वांत सौम्य शब्द. गेल्या वर्षभरात आमच्या वर्गातल्या सात-आठ जणांनी ग्रंथालयामागच्या ओट्यावर बसून हाताने छोटी छोटी पुस्तके केली, रोजनिशीची पाने ठशांनी छापली, आणि हा शब्द भरपूर ऐकला. वर्गमित्रांकडून ऐकला, घरून ऐकला, आणि राग येणार नसेल तर सांगते, काही आदरणीय प्राध्यापकांकडूनही ऐकला. वार्षिक अंकात जागा मिळालीच आहे, तर या शब्दाला माझ्या अल्पमतीप्रमाणे उत्तर द्यावे म्हणते.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगते. ए-फोर आकाराचा एक कागद घ्यावा. तो तीनदा निम्मा दुमडून उलगडला की त्यावर आठ घरे पडतात. मधल्या लांब घडीवर, बरोबर मधल्या दोन घरांपुरती, कात्रीने चीर द्यावी. मग कागद लांबीत दुमडून दोन्ही टोके एकमेकांकडे ढकलली की चीर उघडते, पाने एकावर एक बसतात, आणि डिंक नाही, दोरा नाही, टाचणी नाही, तरी आठ पानांचे पुस्तक तयार होते. पान ७४ मिलिमीटर रुंद आणि १०५ मिलिमीटर उंच, म्हणजे रुंदीला चार बोटे. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ सोडले तर आत सहा पाने उरतात. कागद सपाट पसरून लिहायचे असेल तर वरच्या ओळीतली चार घरे उलट्या बाजूने लिहावी लागतात, नाहीतर अर्धे पुस्तक खाली डोके वर पाय होते.

ठशांचे म्हणाल तर भाजीच्या टोपलीतच अर्धे सामान असते. भेंडी आडवी कापून शाईवर टेकवली की पाच पाकळ्यांचे फूल उठते. बटाट्याचे दोन भाग करून त्यावर मोठी आकृती कोरता येते. अक्षर मात्र खोडरबरावर ब्लेडने कोरावे, आणि उलटे कोरावे. ‘ग’चा उजवीकडचा काना ठशावर डावीकडे यावा लागतो. यालाही युक्ती आहे. पातळ कागदावर पेन्सिलीने अक्षर गडद लिहायचे, तो कागद पालथा करून खोडरबरावर घासायचा; अक्षर आपोआप उलटे उतरते. मग ब्लेड चालवायचे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की हा पोरखेळ आहे, प्राथमिक शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाला शोभणारा. वाचकहो, आपण रोज ‘शिक्कामोर्तब झाले’ असे म्हणतो. हा शब्द कुठून आला? जुन्या राजपत्रांवर माथ्याशी शिक्का उठवीत आणि मजकूर संपला की खाली मोर्तब करीत. कागदाचा आरंभ आणि शेवट ठशाने बांधलेला असे. मोडीतली ती दप्तरे कापडात बांधून ठेवीत आणि त्या गाठोड्यांना ‘रुमाल’ म्हणत. राज्याचा कारभार ज्या शाईवर आणि ज्या ठशावर चालला, त्याला पोरखेळ म्हणायचे धाडस मला तरी होत नाही.

पुढे छापखाने आले. मुंबईत गणपत कृष्णाजी या गृहस्थांनी मिशनऱ्यांचे छापकाम पाहिले आणि आपणही असे छापावे असा ध्यास घेतला. शिळेवर छापण्याचे प्रयोग त्यांनी केले, शाईसुद्धा स्वतः करून पाहिली, आणि १८३१ साली मराठी पंचांग छापले. गोविंद नारायण माडगांवकरांनी ‘मुंबईचे वर्णन’ या १८६३ सालच्या पुस्तकात त्यांची हकीकत नोंदवून ठेवली आहे. मराठी छपाईच्या आरंभी अशी हात काळे करणारी माणसे आहेत. आणखी सव्वाशे वर्षांनी, १९५० च्या दशकात, दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ या तरुणांनी ‘शब्द’ नावाचे नियतकालिक सायक्लोस्टाईल करून काढले. साठच्या दशकात अशोक शहाणे, राजा ढाले यांच्यासारख्यांनी लघुअनियतकालिकांची चळवळच उभी केली. मोठी मासिके छापणार नाहीत ते आपण छापू, एवढेच त्यांचे भांडवल होते. आज त्याच अंकांवर आपण टिपणे काढतो आणि दहा गुणांचे प्रश्न सोडवतो. तेव्हा त्यांनाही कोणीतरी रिकामटेकडे म्हटले असणारच!

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो करणारे माझ्यासारख्याच घरातले आहेत. ते म्हणतात, ही श्रीमंतांची चैन आहे. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. शहरातल्या दुकानांत रोजनिशी सजवण्याचे संच मिळतात. त्यांत तयार ठसे, रंगीत चिकटपट्ट्या, परदेशी मनोऱ्यांची चित्रे असतात, आणि किंमत आमच्या महिन्याच्या बसपासाला लाजवील अशी असते. तो संच घेतला म्हणजेच हे काम जमते असे कोणाला वाटत असेल, तर तो समज मात्र खोटा आहे. आमची पुस्तके पाठकोऱ्या कागदांवर झाली. या घडीची गंमत अशी की मजकूर कागदाच्या एकाच बाजूला येतो. दुसरी बाजू घडीच्या आत झाकली जाते. त्यामुळे एका बाजूने छापलेली जुनी सूचनापत्रे, वाया गेलेल्या झेरॉक्स प्रती, असे सारे काही चालते. माझ्या एका पुस्तकाच्या पोटात गेल्या वर्षीची अर्थशास्त्राची प्रश्नपत्रिका आहे. ती तिथे सुखाने झोपली आहे.

शाईचीही तीच गोष्ट. बाजारातल्या पॅडच्या शाईत ग्लिसरीन असते, म्हणून पॅड लवकर वाळत नाही. ती शाई कागदात मुरून सुकते, आणि गुळगुळीत कागदावर दिली तर बोटाला लागत राहते. हे एकदा कळले की साधा खरबरीत कागदच बरा हे पटते. घरी करायची असेल तर दिव्यावर धरलेले काजळ आणि डिंकाचे पाणी यांची काळी शाई आपल्या पोथ्या लिहिणाऱ्यांना ठाऊक होतीच. काजळ म्हणजे निव्वळ कोळसा, त्यामुळे त्याचा रंग उन्हाने उडत नाही. पाणी मात्र त्याला सोसत नाही. हिरड्याचा काढा आणि हिराकस यांची शाई लिहिताना फिकी दिसते आणि हवा लागली की काळी होत जाते. ती पक्की बसते, पण तिच्यातल्या आम्लाने कालांतराने कागद ठिसूळ होतो. म्हणजे प्रत्येक शाईला तिचा गुण आहे आणि तिचा दोषही आहे. हे ज्ञान फुकट मिळते, फक्त हात घालावा लागतो.

तिसरा आक्षेप काळाचा. हातात मोबाईल असताना ही जुनी हौस कशाला? याचे उत्तर देताना मला थोडे घरचे सांगावे लागेल.

माझ्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही. लहानपणी घरात छापील वस्तू दोनच, माझी शाळेची पुस्तके आणि भिंतीवरची दिनदर्शिका. शाई मात्र घराला चांगली माहीत होती. ती अंगठ्याची शाई. माझ्या आजीने आयुष्यभर जिथे जिथे सही मागितली तिथे तिथे अंगठा दिला. वर काय लिहिले आहे ते दुसऱ्याने वाचायचे, आणि खाली आजीचा ठसा उठायचा. कामाने तिच्या अंगठ्याच्या रेघा अशा झिजल्या आहेत की आता रेशनच्या यंत्राला तो अंगठाही ओळखू येत नाही. चार-चारदा पुसून, ओला करून, पुन्हा टेकवावा लागतो, आणि मागे रांग कुरकुरते. मानाची शाई तिला एकच माहीत आहे, मतदानाच्या दिवशी डाव्या बोटाला लागणारी. १९६२ च्या निवडणुकीपासून ती शाई आपल्याकडे वापरात आहे. त्या एका दिवशी शाईमुळे माणूस मोठा होतो; बाकी दिवशी आमच्या घराने शाईला खाली मान घालूनच हात लावला.

या दिवाळीच्या सुट्टीत मी आजीच्या शब्दांचे एक पुस्तक केले. आत सहा पाने, म्हणून सहाच शब्द: पाभर, चाडं, रुमणं, फाळ, जू, शिवळ. आमच्या शिवारात आता ट्रॅक्टर आहे, त्यामुळे माझ्या धाकट्या भावाला यातला ‘फाळ’ सोडून एकही शब्द माहीत नव्हता. मी प्रत्येक वस्तूचा ठसा कोरला आणि आजी जे सांगेल ते चार ओळींत खाली लिहिले. चाड्याचा ठसा पाहून ती म्हणाली, “आगं, ह्ये चाडं न्हाई, ह्यो पेला झाला. चाड्याला खाली भोकं नगंत व्हय?” मी नवा ठसा कोरला. तो तिने पास केला. शेवटी मलपृष्ठावर मी तिला अंगठा उठवायला सांगितला. तिने सवयीप्रमाणे विचारले, “कशाला? काय लिवलंय वर?” मी म्हणाले, “तूच सांगितलंस ते लिहिलंय, आजी.” मग तिने सगळे पुस्तक माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतले, आणि मग अंगठा दिला. आयुष्यात पहिल्यांदा तिने स्वतःच्या मजकुराखाली अंगठा दिला, आणि तोही आधी ऐकून घेऊन.

हेच काम मोबाईलवर झाले असते का? शब्दांची यादी झाली असती, छायाचित्रेही झाली असती, आणि ती मी जरूर जपून ठेवावीत. पण आजी त्यात दुरुस्ती करू शकली नसती. काचेवर तिचा अंगठा उमटत नाही. चार बोटांचे पुस्तक तिने हातात घेतले, उलटेसुलटे केले, चाडे चुकले आहे हे तिने चित्रावरून ओळखले. म्हणजे त्या पुस्तकाची ती संपादक झाली.

आणि माझे काय झाले? मला आजवर पुस्तक ही वरून आलेली वस्तू वाटत होती. सर सांगतात ते पुस्तकात आहे, पुस्तकात आहे म्हणजे खरे आहे, आणि आपण ते पाठ करायचे. सहा पानांत काय ठेवावे आणि काय गाळावे यावर तीन दिवस डोके खाजवल्यावर मला उमगले की प्रत्येक पुस्तकात कोणीतरी असेच बसून काही ठेवले आहे आणि काही गाळले आहे. पुस्तक कोणीतरी केलेले असते. मग त्याला प्रश्न विचारता येतो. ज्यांच्या घरात पुस्तकांची कपाटे आहेत त्यांना हे दुधाबरोबर मिळत असेल. माझ्यासारखीला ते कात्रीने मिळाले.

आता थोडे आमच्याच मंडळींना. नुसत्या सजावटीचे मी समर्थन करणार नाही. आमच्यातल्याही काहींची पाने पाहिली तर चारी बाजूंना फुले, कोपऱ्यात पक्षी, आणि मध्ये तारीख सोडून अक्षर नाही. पान छान, मजकूर शून्य. ठसा हा मजकुराचा सोबती आहे. त्याने मजकुराची जागा बळकावली तर बाहेरचा आक्षेप खराच ठरेल. ज्याला सांगायचे काही नाही त्याने भेंडीची भाजी करावी हे उत्तम.

टीका करणाऱ्याने काही सुचवलेही पाहिजे. म्हणून तीन विनंत्या. पहिली, मराठी विभागातल्या लोखंडी कपाटात जुन्या हस्तलिखित अंकांचे गठ्ठे आहेत. आमच्या आधीच्या विद्यार्थ्यांनी ते हाताने लिहिले, रंगवले, शिवले. ते कपाट जागेच्या अडचणीमुळे मोकळे करायचे आहे असे ऐकते. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण सभागृहात पेढे वाटले. त्याच भाषेतली आपल्याच मुलांची अक्षरे रद्दीच्या काट्यावर चढू नयेत. ती ग्रंथालयात ठेवावीत आणि वाचू द्यावीत. दुसरी, प्रकल्पाचे विषय देताना वर्षातून एक प्रकल्प हस्तपुस्तकाचा असावा. अट एकच: मजकूर आपल्या घरचा किंवा गावचा, कोणाला तरी विचारून लिहिलेला. इंटरनेटवरून उतरवलेल्या चाळीस पानांपेक्षा ही सहा पाने तपासायला सोपी आणि चोरायला कठीण जातील. तिसरी, ग्रंथालयाच्या दारापाशी चपलांच्या पेटीएवढी एक पेटी ठेवावी आणि ही पुस्तके त्यात राहावीत. इतकी जागा तरी आमच्यासाठी निघावी.

आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखे पुष्कळ आहेत, ज्यांचे आडनाव त्यांच्या घरातून पहिल्यांदाच हजेरीपटावर आले. त्यांच्या घरी असे शब्द, असे अंगठे, अशा आठवणी पडून आहेत, आणि त्या सांगणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्या लिहून घ्यायला मोठा ग्रंथ, प्रकाशक, अनुदान यांची वाट पाहत बसलो तर माणसे निघून जातील. एक पाठकोरा कागद आजही कोणाच्याही वहीत सापडेल. ज्यांना घडी जमत नाही त्यांनी बुधवारी ग्रंथालयामागच्या ओट्यावर यावे. कात्री आम्ही देऊ, खोडरबर ज्याने त्याने आणावे.

— द्वितीय वर्ष कला