खोडरबर बाजूला ठेवा, पट्टी हातात द्या



मापन हा घटक आपण सगळेच शिकवतो. लांबी, वस्तुमान, धारकता, वेळ. ३ मीटर ४० सेंमी म्हणजे किती सेंमी, अशी उदाहरणं फळ्यावर भरपूर सोडवून घेतो. मुलांना प्रत्यक्ष मोजायला मात्र फार कमी वेळ मिळतो. आणि मोजायला दिलंच, तरी शेवटी सगळ्यांचं उत्तर एकच आलं पाहिजे असा आपला आग्रह असतो. माझा या आग्रहाला विरोध आहे.

मागच्या वर्षी ग्रुपवर आलेली एक स्वाध्यायपत्रिका चौथीच्या वर्गात दिली. रेषाखंड मोजायचा होता आणि उत्तरसूचीत ८ सेंमी होतं. पण झेरॉक्स निघताना पान थोडं लहान झालं होतं, त्यामुळे कागदावरची रेघ भरत होती ७ सेंमी ७ मिमी. बहुतेक मुलांनी तेवढंच मोजलं, कुणी एक मिमी कमी, कुणी एक मिमी जास्त. एका मुलाने घरी मोबाइलवर उत्तरसूची पाहिली होती. तो ठामपणे "आठ" म्हणाला आणि पाच मिनिटांत वर्गभर खोडरबर फिरलं. एक मुलगी तेवढी वही घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "मॅडम, माझी पट्टी बिघडलीये का?"

तिनं अगदी बरोबर मोजलं होतं. तरी तिला संशय आला तो पट्टीवर, उत्तरसूचीवर नाही. मला काळजी वाटते ती याची.

मोठी माणसंही हेच करतात बरं का. अमेरिकेतले शास्त्रज्ञ मिलिकन यांनी तेलाच्या बारीक थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजला. फार मोठं काम, १९२३ साली त्यांना नोबेल मिळालं त्यात याचाही वाटा होता. पण हवेच्या चिकटपणाचा आकडा किंचित चुकीचा घेतल्यामुळे त्यांचं उत्तर थोडं कमी आलं होतं. फाइनमन यांनी १९७४ च्या एका भाषणात पुढची गंमत सांगितली. नंतर मोजणाऱ्यांनी एकदम बरोबर उत्तर दिलं नाही, आकडा हळूहळू वर सरकत गेला. ज्याचं उत्तर मिलिकनपेक्षा फार जास्त यायचं तो आपली चूक शोधत बसायचा, आणि ज्याचं जवळपास यायचं तो फारसं तपासायचा नाही. म्हणजे पुढच्या बाकावरच्या मुलाचं ऐकून वही खोडण्यासारखंच की!

आता उलट उदाहरण बघा. आपल्या मुलांचे कितीतरी पालक बांधकामावर आहेत, त्यांना काँक्रीटचे क्यूब माहीत असतात. १५ सेंमी बाजूचे ठोकळे भरायचे, पाण्यात ठेवायचे आणि २८ दिवसांनी यंत्रात दाबून फोडायचे. एकाच मालाचे तीन ठोकळे असले तरी तिघांची ताकद वेगळी येते. आपल्या भारतीय मानकात ते गृहीतच धरलंय: तिन्हींची सरासरी घ्या, आणि एखादा आकडा सरासरीपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त वर किंवा खाली गेला तर तो निकाल ग्राह्य धरू नका. तिन्ही आकडे हुबेहूब सारखे आले तर अनुभवी माणूस आधी नोंदवहीकडेच संशयानं बघेल.

यावर एक शिक्षिका मला म्हणाल्या, "मग काय, सगळ्यांचीच उत्तरं बरोबर?" तसं मुळीच नाही. ७.६ आणि ७.८ हा मोजण्यातला फरक आहे. ८.७ ही चूक आहे, आणि बहुतेक वेळा तिचं कारणही दिसतं: मुलाने पट्टी शून्याऐवजी १ पासून लावलेली असते. फरक चालवून घ्यायचा आणि चूक शोधायची, हे शिकवण्यासाठी आधी खरे आकडे वहीत राहायला हवेत ना? खोडले तर शोधणार काय?

थोडं पुढे जाता येतं. एक रबर बँड खिळ्याला अडकवा, त्याला छोटी बाटली बांधा आणि औषधाच्या झाकणाने मोजून पाणी घालत जा. दर वेळी लांबी लिहायला सांगा. हूक यांनी १६७८ मध्ये स्प्रिंगसाठी नियम मांडला होता की वजन जितकं वाढेल तितकं लांबणं वाढेल. रबर सुरुवातीला साधारण तसं वागतं, मग ऐकेनासं होतं. पाणी काढत परत आलो तर तेवढ्याच वजनाला ते आधीपेक्षा जरा जास्त लांब राहतं. नियम कुठपर्यंत चालतो हे पाचवीच्या मुलांना स्वतःच्या आकड्यांतून दिसतं. पुढचं झाकण घालण्याआधी लांबीचा अंदाज नक्की लिहून घ्या, खरी मजा त्यातच आहे.

हल्ली ज्याचा फार बोलबाला आहे ते मशीन लर्निंगसुद्धा या बाबतीत शिस्तीनं वागतं. संगणकाला हजारो उदाहरणं देऊन शिकवतात, पण काही उदाहरणं मुद्दाम बाजूला झाकून ठेवतात आणि परीक्षा त्यांच्यावरच घेतात. कारण शिकवलेलीच उदाहरणं विचारली तर नुसती घोकंपट्टी केलेलं यंत्रही पैकीच्या पैकी गुण मिळवतं. आणि आपण? फळ्यावर सोडवलेलं गणित आकडेही न बदलता चाचणीत विचारतो, आणि निकाल शंभर टक्के लागला म्हणून खूश होतो.

या सत्रापासून माझ्या वर्गात मापनाच्या पानावर तीन रकाने आहेत: अंदाज, पहिलं माप, दुसरं माप. पेन वापरायचं, खोडायचं नाही, चुकलं तर एक रेघ मारून शेजारी लिहायचं. चार गुणांपैकी तीन गुण मोजण्याच्या पद्धतीला आहेत. काही पालकांनी विचारलं की वहीत इतकी खाडाखोड का. पालकहो, ती तशीच राहू द्या. घरी दाराची उंची मोजायला सांगितली असेल, तर आकडा तुम्ही सांगू नका, टेपचं दुसरं टोक तेवढं धरा.